नाव लिहिलं म्हणून बाद

“काढून टाक तिला,” डॉ. कर्णिक म्हणाले आणि मांदेलीचा काटा दातांतून ओढून त्यांनी ताटाच्या कडेला पुसला.

जीवन घरतने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. सरांच्या बोटांवरचं तेल त्यावर पडेल अशी त्याला धास्ती होती. अलिबागेतल्या त्या खानावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. शेजारच्या रिकाम्या टेबलावर खरकट्या ताटांवर माश्या बसल्या होत्या आणि त्यातल्याच दोन-तीन मधूनमधून सरांच्या वाटीकडे येत होत्या.

“तिला एकटीला काढून भागणार नाही सर,” जीवन म्हणाला. “खारेपाटातल्या मुलींचा ताण सगळ्यांत जास्त येतोय. नारळी-सुपारीच्या वाडीवाल्या घरांतल्या मुलींपेक्षा जास्त, पनवेलकडून आलेल्यांपेक्षाही जास्त. संख्याशास्त्राच्या हिशोबानेही फरक लक्षणीय आहे.”

“कसा काय जास्त येईल? आपलं गृहीतक काय आहे? कष्टाच्या घरातल्या, किनाऱ्यावरच्या मुली अधिक समाधानी असतात. परिषदेच्या पत्रिकेत शीर्षक छापून गेलंय, घरत.”

“पण आकडे...”

“आकडे साफ करायचे असतात. ज्यांनी सगळीकडे ‘नेहमी’वर खूण केलीय त्यांनी प्रश्न वाचलेलेच नाहीत. त्यांना बाद करायचा नियम आहे. पुस्तकात दाखवू?”

“मग सगळीकडे ‘कधीच नाही’ लिहिणाऱ्याही आहेत सर. वाडीवाल्यांत पुष्कळ आहेत.”

“त्या सुखी आहेत,” कर्णिक हसले. “सुखी माणसाला कशाला बाद करतोस?”

जीवनही हसला. सर हसले की हसायची त्याला सवय लागली होती. मग त्याने लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

“पण हिने विचार करून लिहिलंय सर. जेवणाखाणाच्या प्रश्नाला ‘कधी कधी’ आहे, अभ्यासाला ‘बरेचदा’. फक्त हा प्रश्न बघा. ‘आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं.’ त्याला ‘नेहमी’. आणि वर स्वतःचं नाव लिहिलंय. अमिषा केणी.”

“नाव? नाव लिहू नये अशी सूचना होती ना?”

“होती.”

“मग झालं तर. सूचना वाचली नाही. बाद.” सरांनी सोलकढीचा पेला उचलला. “आणि एक सांगू? वाईट वाटून घेऊ नकोस. तुमच्या लोकांच्यात ही जी सोशिकता आहे ना, ती आमच्यात नाही. मला खरंच कौतुक वाटतं. तेच जगापुढे आणतोय मी. तुला नकोय का?”

जीवनने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती पुसून टाकली. पडद्यावर खालच्या ओळी एक घर वर सरकल्या.

खारेपाट म्हणजे खाडीकाठचा, बांध घालून समुद्राकडून ओढून घेतलेला पट्टा. भात, मिठागरं, आता कोळंबीची तळी आणि बंदराकडे जाणारे ट्रेलर. जीवन तिथलाच. बापाने मिठागरात फावडं ओढता ओढता तळपायांना भेगा पाडून घेतल्या आणि दोन्ही पोरांना शिकवलं. मोठा भाऊ दिनानाथ लवकरच शिक्षण सोडून ट्रेलरवर गेला. जीवन मानसशास्त्रात एम.ए. झाला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्याने वर्गात धडा वाचला तेव्हा ‘पानी’वर आणि ‘डोल्या’वर पोरं बाकावर पडून हसली होती. त्या सुट्टीत त्याने ‘ण’ आणि ‘ळ’ इंग्रजीच्या स्पेलिंगसारखे पाठ केले. आता ते इतके मुरले होते की घरी फोन केला तरी तोंडातून तेच यायचं. दिनानाथ म्हणायचा, “काय रं, बातम्या देतंस क?”

गेली कित्येक वर्षं तो एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होता. दर जूनमध्ये नव्याने नेमणूक, मे महिन्यात काही नाही. पीएच.डी. झाली की कायमची जागा मिळण्याची शक्यता होती. कर्णिक त्याचे मार्गदर्शक, दुसऱ्या कॉलेजात विभागप्रमुख. विद्यार्थ्यांचं समायोजन, ताण आणि स्वास्थ्य, आणि त्यातले गटागटांतले फरक यावर त्यांचे ढिगाने निबंध छापून आले होते. त्यातल्या बऱ्याच निबंधांची माहिती जीवनने गोळा केलेली होती. “तू बोललास की ही मुलं उघडतात घरत,” ते म्हणायचे. “तू माझी चावी आहेस.” जीवनला हे ऐकून बरं वाटायचं. बायको साक्षी बालवाडीत शिकवायची. तिने माहेरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की यंदा आमचे हे डॉक्टर होणार. दिनानाथने तर दारावरची पाटी आधीच करवून आणली होती.

प्रश्नावल्या भरून घ्यायला तो मुलींच्या वर्गात गेला होता, त्या दिवशी अमिषा दुसऱ्या बाकावर होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, खाली मान घालून बसणारी. सगळ्यांनी भराभर खुणा करून कागद परत दिले. ती शेवटपर्यंत लिहीत होती. कागद देताना तिने हळूच विचारलं, “सर, हे कोण वाचणार?”

“मी वाचणार,” जीवन म्हणाला होता.

“नक्की?”

“नक्की.”

खात्री करून घ्यावी तसं तिने त्याच्या छातीवरच्या ओळखपत्रावरचं खारेपाटातलं आडनाव एकदा पाहिलं होतं आणि कागद त्याच्या हातात दिला होता.

खानावळीतून निघाल्यावर त्याला ते ‘नक्की’ आठवलं. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तो मुलींच्या वसतिगृहावर गेला. तिथल्या प्रमुख प्राची मॅडम दारातच उभ्या राहिल्या.

“आई-वडलांशिवाय कुणाला भेटू देत नाही सर. काय काम होतं?”

“अमिषा केणी. बरी आहे ना ती? तिच्याशी जरा बोलायचं होतं.”

“तिचं काय बरं नसायचं? नाटकं आहेत. जेवायला येत नाही, खोलीतल्या मुलींशी बोलत नाही. मुली जरा चिडवतात, तर एवढं मनाला लावून घ्यायचं?”

“काय म्हणून चिडवतात?”

“अहो, बोलते कशी ते ऐकलंय ना?” प्राची मॅडम हसल्या, मग त्यांना त्याचं आडनाव आठवलं असावं. हसू आवरून त्या म्हणाल्या, “सांगते निरोप.”

तो वळला. फाटकाबाहेर आल्यावर त्याला हलकं वाटलं. आपण आलो होतो, निरोप ठेवला, आता आपल्याकडून काही राहिलं नाही, असं ते हलकेपण होतं. पुढचे दोन आठवडे तो परिषदेच्या कामात बुडाला. पाहुण्यांच्या गाड्या, बॅनर, सरांची सादरीकरणाची पानं. अमिषाचा निरोप पोचला की नाही हे त्याने विचारलं नाही.

परिषद किहीमच्या एका रिसॉर्टवर होती. माडांच्या मधोमध कापलेलं हिरवळीचं अंगण, थंडगार सभागृह, आत अत्तराच्या फवाऱ्याचा गोड, घशाशी येणारा वास. दारात मोठा फलक: विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य, राष्ट्रीय परिषद. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात पांढऱ्या कांद्याची माळ आणि वालाची पिशवी दिली जात होती. त्या देणाऱ्या मुलींना कोळी पद्धतीची लुगडी नेसवली होती, गळ्यात खोटे पिवळेजर्द दागिने, केसांत कागदी फुलं. “पाहुण्यांना किनारा दिसला पाहिजे,” असं कर्णिकांनी जीवनच्या कॉलेजला कळवलं होतं, आणि कॉलेजने मुली पाठवल्या होत्या.

त्या रांगेत अमिषा होती.

जीवनने तिला ओळखलं तेव्हा एक पाहुणे तिच्या खांद्याशी खांदा लावून फोटो काढत होते. “हसा ना जरा, कोळीणबाई,” ते म्हणत होते. ती कोळीण नव्हती. तिच्या घरात कुणी कधी होडीत बसलं नव्हतं. ती हसली. तिचे ओठ मागे गेले, दात दिसले, एवढंच. गालांची हाडं वर आली होती. थोड्याच आठवड्यांत माणूस इतकं वाळतं?

सकाळच्या सत्रात कर्णिक बोलले. ते फार छान बोलायचे. पडद्यावर मिठागरातल्या एका बाईचा फोटो आला, डोक्यावर मिठाची पाटी, उन्हाने डोळे बारीक केलेले. कर्णिकांनी लाल प्रकाशाचा ठिपका तिच्या तोंडावर नेला.

“बघा, हसतेय,” ते म्हणाले. “आपण शहरी माणसं वातानुकूलित खोलीत ताण घेतो आणि ही बाई भर उन्हात हसतेय. आमच्या संशोधनात हेच दिसलं. खारेपाटातल्या विद्यार्थिनींमध्ये ताण सर्वांत कमी, समायोजन सर्वांत उत्तम. या समाजात एक उपजत सोशिकता आहे. त्यांना समुपदेशकाची गरज नाही. उलट आपणच त्यांच्याकडून शिकलं पाहिजे.”

टाळ्या पडल्या. तो ठिपका अजून त्या बाईच्या तोंडावर थरथरत होता. ती हसत नव्हती. जीवनची आई उन्हात अशीच दिसायची, डोळ्यांत खाऱ्या पाण्यावरच्या उन्हाची तिरीप गेली की तोंड तसं होतं. हे त्याला माहीत होतं. फोटोही त्यानेच काढून दिला होता. तो मागच्या दाराने बाहेर पडला.

मागे स्वयंपाकघराचं अंगण होतं. सुरमईची मुंडकी एका टबात पडली होती, गार झालेले डोळे वर करून. मोरीशी अमिषा उभी होती, रिकामा ट्रे छातीशी धरून. दारातून आतलं सगळं ऐकू येत होतं.

“सर,” ती म्हणाली. “मी लिहिलेलं वाचलं का कोणी?”

तिने शब्द जपून उच्चारले. त्याला ती जपणूक ओळखू आली.

“अगं, त्यात नावं नसतात,” जीवन म्हणाला. “सगळ्यांचं एकत्र...”

“मी नाव लिहिलं होतं.”

जीवनने टबातल्या मुंडक्यांकडे पाहिलं.

“लिहू नका म्हनून छापलेलं, मी वाचलं होतं,” ती म्हणाली, आणि आता तिचं बोलणं सुटलं, जपणूक गळून पडली. “मुद्दाम लिवलं. मना वाटलं, आपले गावाकरचे सर हायेत, नाव बगतील नि येतील. रोज वाट बगली. तुमी येनार बोल्ला नव्हता, मना म्हाइत हाय. पन वाचनार बोल्ला व्हता.”

“अमिषा, मी आलो होतो वसतिगृहावर.”

“कवा?”

“त्यानंतर. प्राची मॅडमना सांगितलं होतं.”

“मना कोन काय बोल्लं नाय.” तिने ट्रे खाली ठेवला. “तोंडी परीक्षा घेनाऱ्या सरांनी मना एकच शब्द परत परत बोलाला लावला. सगल्यांसमोर. नि हसले. मंग खोलीतल्या पोरींनी त्याची नक्कल करून व्हिडिओ केला. आता मी तोंडच उगरीत नाय. जेवाला पन जात नाय, तिथं मागाला लागतं ना, भात दे, पानी दे. मना काय मराचं नाय, सर. पन सकाली उटलं का वाटतं, का उटले.” तिने आतल्या दाराकडे मान वळवली. “नि त्ये सर काय बोलतात? आमाला तानच नाय?”

आतून पुन्हा टाळ्या आल्या. कुणीतरी प्रश्नोत्तरांची घोषणा केली.

“तू इथेच थांब,” जीवन म्हणाला. “मी आलोच.”

त्या क्षणी तिच्याजवळच थांबायला हवं होतं, हे त्याला नंतर कळलं. पण त्याच्या अंगात तेव्हा किळस इतकी चढली होती, कर्णिकांची, त्या अत्तराची, खानावळीतल्या स्वतःच्या हसण्याची, की ती कुठेतरी ओतल्याशिवाय त्याला श्वास घेता येईना. तो सरळ आत गेला आणि मधल्या वाटेत उभा राहिला.

“सर, मला विचारायचंय.”

कर्णिकांनी हसून हात पुढे केला. “हे आमचे घरत. माझे विद्यार्थी. याच समाजातले. बोल.”

“आपण काही मुली बाद केल्या,” जीवन म्हणाला. “ज्यांचा ताण जास्त आला त्याच केल्या. ज्यांनी सगळं छान छान लिहिलं त्यांना ठेवलं. आकडे मी पुसलेत, माझ्या हाताने. पुसले नसते तर निष्कर्ष उलटा येत होता. त्यातल्या एका मुलीने आपलं नाव लिहिलं होतं, मदत मागावी तसं. ती आज इथे तुम्हाला कांद्याच्या माळा देतेय.”

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. कर्णिकांचा चेहरा जराही बदलला नाही.

“छान,” ते म्हणाले. “विद्यार्थी भावनिक गुंतला की काय होतं, त्याचं हे उत्तम उदाहरण. म्हणून तर संशोधकाने स्वतःच्या समाजावर काम करताना जपायचं असतं. चूक माझीच. मी याला फार जवळ येऊ दिलं.”

लोक हसले. वाईट हसले नाहीत, सैलावून हसले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि चहापानाची सुट्टी जाहीर केली. दारात एका पाहुण्याने जीवनच्या पाठीवर थाप मारली. “तुमचा मुद्दा चांगला होता हं. यावर वेगळा निबंध होऊ शकेल. भजी गरम आहेत, चला.”

त्याने त्या माणसाचा हात पाठीवरून अक्षरशः झटकला आणि मागच्या अंगणात धावला. ट्रे मोरीशी पडला होता. शेजारी गळ्यातले खोटे दागिने, नीट गोल करून ठेवलेले, आणि चपला. अमिषा नव्हती.

कप विसळणारी एक मुलगी, प्राप्ती, उठून उभी राहिली. तिनेही तसंच लुगडं नेसलं होतं. “सर, ती समुद्रावर गेली. मी हाक मारली, पण तिने वळून नाही बघितलं.”

“आणि तू इथे कप विसळतेस?”

प्राप्तीचे डोळे भरले. “मॅडम म्हणाल्या, जागा सोडायची नाही.”

सुरूच्या झाडांतून तो पळाला. वाळूत बूट रुतायला लागले तसे त्याने ते काढून फेकले. ओहोटी होती. किनारा लांबवर उघडा पडला होता, ओल्या वाळूवर प्लास्टिकचे पेले, थर्माकोलचे तुकडे, आणि पाणी पार तिकडे. पर्यटकांना फिरवणारा एक घोडा उभा होता. त्याच्या पलीकडे, पाण्यात, लाल-हिरवं लुगडं.

ती गुडघ्याच्या वर पाण्यात उभी होती. पुढे जात नव्हती, मागेही येत नव्हती.

“अमिषा!”

तिने मान वळवली. “मी निस्ती उबी हाय, सर.”

“मग मी पण उबा ऱ्हातो,” जीवन म्हणाला आणि पँटसकट पाण्यात शिरला. तिच्याजवळ पोचल्यावर त्याने तिचा हात धरला नाही. जरा पुढे, समुद्राच्या बाजूला जाऊन उभा राहिला. लाटा त्याच्या मांड्यांवर आपटत होत्या.

“मी तुजा कागद वाचला व्हता,” तो म्हणाला. किती तरी वर्षांनी ते बोलणं त्याच्या तोंडून आलं, अडखळत, गंजलेलं. “पयल्याच दिवशी वाचला. नि सर बोल्ले काढून टाक, म्हनून काढला. माज्या हातान काढला. तुना जे बोलाचं ते मना बोल. पन बाहेर येऊन बोल. अंगावरची सारी भिजली ना तुजी.”

“माजी नाय ती,” अमिषा म्हणाली. “भाड्याची हाय.”

आणि मग तिचा चेहरा मोडला. ती रडायला लागली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी, आवाज करत. जीवनने आता तिचा हात धरला.

फाट्यावर त्यांना अलिबागेची रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने ओलं लुगडं पाहिलं, जीवनचे अनवाणी पाय पाहिले, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने सीटवर स्वतःचा टॉवेल टाकला. जीवनने परिषदेच्या यादीतल्या नंबरवर प्राप्तीला फोन करून तिच्याकडे असलेला अमिषाच्या घरचा नंबर घेतला आणि तिच्या आईला कळवलं. काय झालं हे फोनवर सांगता येईना. “तुम्ही या,” एवढंच म्हणाला.

सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी जीवनला बाहेर बसवलं आणि त्या अमिषाशी एकटीशी पुष्कळ वेळ बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, “नैराश्य आहे. बरेच महिने आहे. औषध सुरू करतेय, दर आठवड्याला यायचं, आणि तूर्त एकटी ठेवायची नाही. बरं झालं आज आणलंत. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही इतके दिवस?”

“आलं होतं,” जीवन म्हणाला.

अमिषाची आई गोदू दुपार कलताना आली. कोळंबीच्या तळ्यावरून तशीच उठून आलेली, साडीचा काठ चिखलाने कडक झालेला, अंगाला खारा, मासळीचा वास. व्हरांड्यातल्या बाकावर पोरीला लुगड्यात बघून ती जागीच थांबली.

“ह्ये काय सोंग? काय झायला माजे पोरीला? नापास झाली क काय?”

“नाय काकी,” जीवन उठून म्हणाला. “पास हाय ती. हुशार हाय. आजारी परलीय. मनाचा आजार हाय, औषधान बरा व्हतो.”

“मनाचा?” गोदूने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “तुमी कोन?”

“घरत. तिच्या कॉलेजान शिकवतो.”

“मंग तुमाला कललं नाय?”

गोदूने उत्तराची वाट पाहिली नाही. ती पोरीशेजारी बसली. “मना का नाय सांगलास गं? मी काय परकी हाव?”

“तू बोल्ली असतीस, घरा ये,” अमिषा म्हणाली. “नि शिकाचं ऱ्हायलं असतं.”

“शिक्षान कुटं पलून चाल्लंय,” गोदू म्हणाली.

पुढचं सांगायचं तर थोडक्यात सांगता येईल. परिषदेचे निबंध पुस्तकरूपाने निघाले. त्यात तो निबंध होता, मिठागरातल्या बाईच्या फोटोसकट, आणि लेखक म्हणून कर्णिकांच्या नावाखाली जीवनचं नाव. ते काढावं म्हणून त्याने पत्रं लिहिली, विद्यापीठालाही कळवलं. पोच आली, उत्तर आलं नाही. जूनमध्ये कॉलेजने त्याला तासिका दिल्या नाहीत. नवा मार्गदर्शक मिळवण्यात दोन वर्षं गेली आणि अजून तो मिळालेला नाही. पेणकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकवतो, रोज एस.टी.ने जाऊन येतो. साक्षी कितीतरी दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही, मग बोलायला लागली. कर्णिक निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सत्काराला मोठी गर्दी होती. अमिषा ते वर्ष घरीच राहिली. पुढच्या वर्षी तिने घराजवळच्या कॉलेजात नाव घातलं. औषध चालू आहे. काही दिवस बरे जातात, काही नाही.

पण त्या दुपारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. गोदूने पोरीचं डोकं मांडीवर ओढलं आणि तिच्या केसांतल्या पिना काढायला सुरुवात केली. एकेक कागदी फूल सोडवून ती बाकाखाली टाकत होती. फुलांचा रंग ओल्या केसांना लागला होता, तो ती पदराने पुसत होती. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, शिव्या असाव्यात, कुणाला ते कळत नव्हतं. पिना संपल्या तरी तिचे हात केसांतून फिरत राहिले. मग ते मंदावले. पहाटेपासून तळ्याच्या पाण्यात उभी होती ती बाई. भिंतीला डोकं टेकून तिचा डोळा लागला. अमिषा आधीच झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात आईच्या चिखलाच्या काठात.

जीवन चहा घेऊन आला तेव्हा दोघी अशा होत्या. त्याने पेले कठड्यावर ठेवले. शर्टाच्या खिशात फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. कुणाचा आहे हे पाहायची गरज नव्हती.

ऊन कलून व्हरांड्यात शिरलं होतं आणि त्याची एक पट्टी सरकत सरकत अमिषाच्या डोळ्यांवर आली. झोपेतच तिच्या पापण्या हलल्या. जीवन पुढे झाला आणि ऊन अडेल असा कठड्याला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या पायांची वाळू सुकून फरशीवर गळत होती. ऊन बाजूला सरकलं की तोही थोडा सरकायचा. शिपाई येऊन म्हणाला, “सर, तिकडे खुर्ची आहे, बसा की.” जीवनने मानेनेच नको म्हटलं.